हुकूम मोडल्यावर स्थगिती मागताना
वाचकांचे कायदेविषयक प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरांमध्ये सुमारे चार फुटांचा बोळ आहे. तो आपल्या वहिवाटीचा आहे असे म्हणून शेजाऱ्यांनी २०१९ साली तालुक्याच्या कोर्टात दावा लावला आणि निशाणी ५ वर, म्हणजे अंतरिम मनाईच्या अर्जावर, आमच्याविरुद्ध तूर्तातूर्त मनाई मिळवली. त्या वेळी मुलीचे लग्न तोंडावर होते आणि वरच्या मजल्याचे काम अर्धे राहिले होते. चार माणसांच्या सांगण्यावरून, दिवाळीत कोर्टाला सुट्टी असताना, आम्ही बोळात जिना आणि एक भिंत बांधून घेतली. आता दाव्याचा निकाल आमच्याविरुद्ध झाला आहे. भिंत व जिना साठ दिवसांत स्वखर्चाने काढावा आणि पुढे बोळात अडथळा करू नये, असा हुकूमनामा आहे. त्याच दिवशी मनाई मोडल्याच्या अर्जावर मला पंधरा दिवसांच्या दिवाणी कैदेचाही हुकूम झाला. निकालाला ९० दिवस झाले. नकलेसाठी पाचव्या दिवशी अर्ज केला होता, ती तेविसाव्या दिवशी मिळाली; नंतरचा वेळ तडजोडीच्या बोलण्यात गेला. आता दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जाची, नोटीस आली आहे. गावात म्हणतात की हुकूम मोडणाऱ्याचे अपील कोर्ट ऐकतच नाही. आम्हाला स्थगिती मिळेल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : गावातले म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते आपल्याला अधिक घातक ठरू शकते, कारण त्यावर विश्वास ठेवून आपण आणखी महिनाभर घरी बसलात, तर कोर्टाने दार लावण्याची वेळच येणार नाही, तोवर जिना पाडला गेलेला असेल.

हुकूम मोडणाऱ्याला ऐकायचेच नाही, हा विचार मूळचा इंग्लंडमधील न्यायालयांचा. तेथे १९५२ साली हॅडकिन्सन खटल्यात घटस्फोटित आईने न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलाला ऑस्ट्रेलियाला नेले होते. मूल परत आणण्याचा हुकूम झाल्यावर तिने त्याविरुद्ध अपील केले, तेव्हा आधी मूल परत आणा, मग अपील ऐकू, असे अपील न्यायालयाने सांगितले. मात्र त्याच निकालपत्रात हेही आले की अशी बंदी हा सरसकट नियम नसून, न्यायदानाच्या मार्गात अवज्ञा आडवी येत असेल तेव्हाच वापरायचा उपाय आहे. आपल्याकडे तर संसदेने यावर स्पष्टच लिहून ठेवले आहे. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ याच्या कलम १९ नुसार, उच्च न्यायालयाने अवमानाची शिक्षा दिलेल्या माणसाने आपल्या अवमानाचे परिमार्जन केलेले नसले तरीही त्याचे अपील ऐकले जावे, असा आदेश अपील न्यायालय देऊ शकते. आपले प्रकरण त्या अधिनियमाखालचे नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेखालचे आहे. परंतु अवमानाच्या शिक्षेतही दार बंद नसेल, तर गल्लीतल्या जिन्यासाठी ते कायमचे बंद होईल असे मानण्याचे कारण नाही. आपले अपील ऐकले जाईल. स्थगिती मिळेल का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपल्या पुढच्या काही दिवसांतील वागण्यावर बरेचसे अवलंबून आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की आपल्यासमोर एक नव्हे तर दोन हुकूम आहेत. पहिला हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम निकाल. दुसरा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २अ खालील, म्हणजे मनाई मोडल्याबद्दलचा. या नियमाखाली मालमत्तेची जप्ती करता येते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगातही ठेवता येते. दोन्ही हुकूम एकाच दिवशी झाले म्हणून एकाच अपिलात दोन्हींवर दाद मागता येईल असे अनेकांना वाटते, तसे नाही. हुकूमनाम्यावर कलम ९६ चे नियमित अपील होते. नियम २अ च्या हुकुमावर आदेश ४३, नियम १ खालील वेगळे अपील होते. दोन्ही जिल्हा न्यायालयातच करायची, दोन्हींची मुदत ३० दिवसांची, परंतु अर्ज वेगळे, कारणे वेगळी आणि स्थगितीची मागणीही वेगळी. माझ्या पाहण्यात अशी प्रकरणे आली आहेत की वकिलांनी इमला वाचवण्यासाठी झटून स्थगिती आणली आणि पक्षकार मात्र दुसऱ्या हुकुमाखाली दिवाणी तुरुंगात जाऊन बसला.

आता मुदतीचे. निकालाचा दिवस मोजायचा नाही. नक्कल मिळवण्यासाठी लागलेले पाचव्या ते तेविसाव्या दिवसापर्यंतचे सुमारे अठरा-एकोणीस दिवस वजा होतात. उरतात एकाहत्तर-बहात्तर दिवस. त्यातून तीस गेले की साधारण चाळीस-बेचाळीस दिवसांचा विलंब. नियम २अ च्या हुकुमाची नक्कल वेगळी घेतली असेल तर त्याचा हिशेब वेगळा मांडावा. हा विलंब माफ होण्यासारखा आहे, पण येथे एक काटा आहे जो पुष्कळांना उशिरा कळतो. आदेश ४१, नियम ३अ असे सांगतो की विलंबमाफीचा अर्ज द्यावा लागलेल्या अपिलात, न्यायालय प्राथमिक सुनावणी घेऊन अपील ऐकण्याचे ठरवीत नाही तोपर्यंत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती द्यायची नाही. म्हणजे आपली पहिली लढाई स्थगितीच्या अर्जाची नसून विलंबमाफीच्या अर्जाची आहे, आणि तो अर्ज तातडीने बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, घेण्याची विनंती लेखी करायला हवी. त्यात "तडजोडीची बोलणी चालू होती" एवढे एक वाक्य लिहून भागणार नाही. कोणत्या तारखेला, कोणाच्या मध्यस्थीने, कोणाच्या घरी बैठक झाली आणि ती का फिसकटली हे शपथेवर लिहावे. बोलणी झालीच नसतील तर लिहू नये. समोरचा पक्ष पुढच्याच तारखेला तसे प्रतिशपथपत्र देईल आणि मग मनाई मोडण्याच्या जोडीला खोटे बोलण्याचा ठपका येईल.

आपण मुदतीत असता तर एक सोपी वाट होती. अपिलाची मुदत संपण्यापूर्वी हुकूमनामा देणारे न्यायालयच आदेश ४१, नियम ५ च्या दुसऱ्या उपनियमाखाली अंमलबजावणी थांबवू शकते. निकाल वाचून झाल्याबरोबर वकिलाने उभे राहून तसा अर्ज देण्याची पद्धत आहे. ती वाट आता बंद झाली. दरखास्तीत आदेश २१, नियम २६ खाली थोडा वेळ मागा असेही कोणी आपल्याला सुचवील. तो नियम हुकूमनामा अंमलबजावणीसाठी ज्या दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवला जातो त्याच्यासाठी आहे, हुकूमनामा देणाऱ्याच न्यायालयात दरखास्त चालू असेल तर त्याचा आधार पोकळ ठरतो. तरीही असे अर्ज रोज पडतात, ही गोष्ट वेगळी.

आता मुख्य मुद्दा. नुसते अपील दाखल केल्याने अंमलबजावणी थांबत नाही, हे नियम ५ चे पहिलेच वाक्य आहे. स्थगिती देण्यापूर्वी न्यायालयाची तीन गोष्टींबद्दल खात्री पटावी लागते : स्थगिती न दिल्यास अर्जदाराचे भरीव नुकसान होईल, अर्ज अवाजवी उशीर न करता दिलेला आहे, आणि पुढे जो हुकूमनामा अखेर बंधनकारक ठरेल त्याच्या पालनासाठी अर्जदाराने तारण दिले आहे. वरवर पाहता पहिली अट आपण सहज पुरी करता. जिना पाडला आणि उद्या अपील जिंकलात, तर पाडलेला जिना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वस्थिती परत मिळवण्याच्या तरतुदीखाली, परत उभा करून घेण्याच्या मागे आयुष्य जाईल. बांधकाम पाडण्याच्या हुकूमनाम्यांना अपिलात बहुधा स्थगिती मिळते ती याच कारणाने.

परंतु आपल्या प्रकरणात न्यायाधीश एकच प्रश्न विचारतील, आणि तो मी अशा सुनावणीत प्रत्यक्ष ऐकला आहे. त्या प्रकरणी अपिलकर्त्याचे वकील पंधरा मिनिटे भरीव नुकसानावर बोलले. बांधकामाला किती लाख लागले, घरातील वृद्ध आईला वर जायला दुसरी वाट कशी नाही, हे सारे त्यांनी उत्तम मांडले. न्यायाधीशांनी कोर्ट कमिशनरच्या अहवालाला जोडलेला फोटो पुढे सरकवला. त्यात भिंतीचा गिलावा अजून ओला दिसत होता आणि फोटोवरची तारीख मनाईच्या हुकुमानंतरची नवव्या दिवसाची होती. "हे नुकसान तुम्ही कधी तयार केलेत?" एवढेच त्यांनी विचारले. वकिलांनी पाण्याचा ग्लास उचलला.

म्हणजे असे की आपल्या अवज्ञेमुळे आपण बोलण्याचा हक्क गमावत नाही, परंतु आपला सर्वांत चांगला युक्तिवाद मात्र तिच्यामुळे अर्धमेला होतो. मनाई असताना जे उभारले, ते पाडल्याने माझे नुकसान होते, हे म्हणणे कोणत्याही न्यायाधीशाच्या गळी उतरवणे अवघड आहे. आणि "मनाईचा हुकूमच चुकीचा होता, अपिलात तो टिकणार नाही" हे उत्तर तर मुळीच देऊ नये. तय्यबभाई बगसरवाला विरुद्ध हिंद रबर इंडस्ट्रीज या मुंबईतील प्रकरणात तेथील सिटी सिव्हिल कोर्टाला तो दावा चालवण्याचा अधिकारच नव्हता असे नंतर ठरले, तरीही तोवर त्या न्यायालयाने दिलेले अंतरिम हुकूम पाळणे बंधनकारक होते आणि ते मोडल्याची शिक्षा होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. अधिकार नसलेल्या न्यायालयाचा हुकूम मोडूनही सुटका नाही, तर आपल्या तालुका न्यायालयाला पूर्ण अधिकार होता.

मग करायचे काय? माझा सल्ला असा की सगळ्या हुकूमनाम्याला स्थगिती मागू नये. बोळ मोकळा करण्याचा भाग आणि इमला पाडण्याचा भाग हे वेगळे करावेत. आपण लिहिले नाही, पण चार फुटांच्या बोळात जिना आणि भिंत दोन्ही आल्यावर शेजाऱ्यांचे जाणे-येणे बंदच झाले असणार. अपील दाखल करण्यापूर्वी, स्वतःच्या खर्चाने, निदान आडवी भिंत काढून माणसाला जाण्याइतकी वाट मोकळी करावी. त्याचे तारखेसह फोटो आणि शक्य तर पंचनामा करून घ्यावा. आणि अपिलातील हक्कांना बाध न येता हे केले आहे, असे दरखास्तीत पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन नोंदवावे. मग स्थगिती मागावी ती फक्त जिन्यापुरती. शपथपत्रात मनाई मोडल्याची गोष्ट पहिल्याच परिच्छेदात स्वतः सांगावी, तारखेसह, दिवाळीच्या सुट्टीसह. सुट्टीचा फायदा घेऊन काम उरकले, हा आपल्या पत्रातला सर्वांत जड भाग आहे, आणि म्हणूनच तो समोरच्या वकिलाच्या तोंडून न्यायाधीशांना कळता कामा नये. क्षमायाचना करायची असेल तर ती कृतीबरोबर करावी. शिक्षा टाळण्यासाठी शेवटच्या क्षणी पुढे केलेल्या माफीला न्यायालये ढाल समजतात आणि तसे ती निकालपत्रांत वारंवार लिहितात. लग्नाचे कारण सांगू नये असे मी म्हणणार नाही. सांगावे, पण सबब म्हणून नव्हे. लग्न दाव्याच्या आधी ठरले होते की नंतर, हे कोणीतरी विचारणारच.

कैदेच्या हुकुमापुरते सांगायचे तर वाट मोकळी केल्याचा पुरावा हाच तेथेही आपला मुख्य आधार राहील. सर्वोच्च न्यायालयाने समी खान विरुद्ध बिंदू खान या १९९८ च्या निकालात असे म्हटले आहे की जप्ती किंवा कैद यांपैकी एक किंवा दोन्ही उपाय वापरणे न्यायालयाच्या विवेकावर आहे. म्हणून कैदेऐवजी जप्तीवर किंवा भरपाईवर भागवावे, अशी पर्यायी विनंती अपिलात अवश्य ठेवावी.

आणि तारण. रकमेचा हुकूमनामा नसल्याने पैसे भरण्याची सक्ती नाही, परंतु जिना काढण्याचा अंदाजे खर्च एखाद्या अभियंत्याकडून काढून तेवढी रक्कम न्यायालयात ठेवण्याची तयारी आपणहून दाखवावी. अपील हरल्यास पुढे दरखास्त लांबवणार नाही, अमुक दिवसांत स्वतः काढू, असे हमीपत्रही द्यावे. ते दिलेत तर मात्र पाळावे. न्यायालयाला दिलेली हमी मोडणे हा पहिल्यापेक्षा मोठा अपराध होईल आणि त्या वेळी या सदराकडे पत्र पाठवून उपयोग होणार नाही.

प्रश्न : मी पुण्यात दुकानाचा जुना भाडेकरू आहे. मालकाच्या दाव्यात दरमहा भाडे कोर्टात भरण्याचा अंतरिम हुकूम होता. धंदा मंदावल्याने अडीच वर्षे भरता आले नाही. आता ताबा देण्याचा हुकूमनामा झाला आहे. अपील मुदतीत दाखल केले आहे. स्थगिती मिळताना जुनी बाकी भरावीच लागेल का? जुने भाडे फक्त ४५० रुपये आहे.
— एक दुकानदार

उत्तर : जुनी बाकी भरावी लागेलच, आणि बहुधा तेवढ्यावर भागणार नाही.

ताब्याचा हुकूमनामा झाला की त्या दिवसापासून आपण भाडेकरू म्हणून नव्हे, तर हुकूमनाम्याला तोंड देत जागेत बसलेले आहात, आणि स्थगितीच्या काळात मालकाला जे गमवावे लागते त्याची भरपाई जुन्या भाड्याने होत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने आत्मा राम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या प्रकरणात २००४ च्या डिसेंबरात घेतली. तेथे दिल्लीतील मोक्याच्या जागेचे भाडे महिना ३७१ रुपये ९० पैसे होते. स्थगितीची अट म्हणून दरमहा १५,००० रुपये भरण्याचा हुकूम न्यायाधिकरणाने दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. महाराष्ट्रातील उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तेथे भाडेकरू खुद्द राज्य सरकार होते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध सुपर मॅक्स इंटरनॅशनल या मुंबईच्या प्रकरणात भाडे महिना पाच हजार रुपयांच्या थोडे वर होते आणि स्थगितीसाठी मुंबई उच्च न्यायालयाने दरमहा ५,४०,००० रुपये भरण्यास सांगितले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. सरकारला सवलत मिळाली नाही, तर आपल्याला ती मिळेल असे धरून चालू नये.

आपल्या बाबतीत अडीच वर्षांचा हुकूमभंग हा या सर्वांच्या वर बसतो. परंतु जिना पाडण्यापेक्षा हे सोपे आहे, कारण पैशाची अवज्ञा पैसे भरून पुष्कळशी धुऊन काढता येते. ४५० रुपयांप्रमाणे तीस महिन्यांचे १३,५०० रुपये होतात. एवढ्या रकमेसाठी धंदा मंदावला होता असे शपथेवर लिहाल, तर दुकानाचे वीजबिल त्याहून जास्त आहे असे समोरून उत्तर येईल. ती रक्कम स्थगितीच्या अर्जाची सुनावणी होण्यापूर्वी कोर्टात भरून पावती अर्जाला जोडावी. मग भरपाईचा आकडा किती असावा यावर वाद घालावा. आसपासच्या दुकानांचे नोंदणीकृत भाडेकरार त्यासाठी उपयोगी पडतात, दलालाचे पत्र फारसे पडत नाही. आणि जो आकडा ठरेल तो पेलणारा नसेल तर त्याच दिवशी तसे सांगून वरच्या न्यायालयात जावे. अशा हुकुमांत शेवटी बहुधा एक ओळ असते की रक्कम मुदतीत न भरल्यास स्थगिती आपोआप रद्द समजावी. त्या ओळीकडे दुर्लक्ष करून बसलेले भाडेकरू बेलीफ दारात आल्यावर पैसे घेऊन धावतात.

प्रश्न : आमच्या बाजूने हुकूमनामा आहे. सामनेवाल्यांनी दाव्यात दोनदा मनाई मोडली होती. परवा बेलीफ ताबा वॉरंट घेऊन गेले असता त्यांनी मोबाईलवर "स्टे मिळाला" असा वकिलाचा मेसेज दाखवला आणि बेलीफ परत आले. हे बरोबर आहे का? सहा महिन्यांनी स्टे आपोआप उठतो असेही ऐकले आहे.
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : मेसेज पाहून परत येणे नियमाला धरून नाही, परंतु बेलीफाचा राग धरण्यापूर्वी नियम काय म्हणतो ते पाहा. आदेश ४१, नियम ५ च्या स्पष्टीकरणानुसार अपील न्यायालयाची स्थगिती मूळ न्यायालयाला कळवली जाते तेव्हापासून लागू होते. अधिकृत प्रत येईपर्यंत अपिलकर्त्याने स्वतःच्या माहितीवर आधारलेले शपथपत्र मूळ न्यायालयात दिले, तर त्यानुसार वागावे लागते. म्हणजे शपथपत्र चालते, मेसेज चालत नाही. हे शपथपत्र खोटे निघाल्यास तो फौजदारी गुन्हा आहे, म्हणूनच ज्याला खरोखर स्थगिती मिळाली आहे तो ते द्यायला कचरत नाही. आपण त्याच दिवशी दरखास्तीचा रोजनामा, म्हणजे तारखेवार कामकाजाची नोंद, पाहून असे शपथपत्र आले आहे का ते तपासावे. जिल्हा न्यायालयातील अपिलाची स्थिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकावरून घरबसल्या दिसते.

सहा महिन्यांची गोष्ट आता जुनी झाली. २०१८ साली एशियन रिसर्फेसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले होते, परंतु पाच न्यायाधीशांच्या पीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ते मत फिरवले. स्थगिती केवळ काळ लोटला म्हणून उठत नाही. ती उठवण्यासाठी आपल्यालाच अर्ज द्यावा लागेल, आणि त्यात सामनेवाल्यांनी दोनदा मनाई मोडल्याचे दोन्ही हुकूम जोडावे. ही माहिती त्यांनी स्थगिती घेताना लपवली असेल, तर स्थगिती उठवण्यास तेवढे कारणही पुरेसे ठरू शकते. अजून स्थगिती मिळालेलीच नसेल, तर आजच जिल्हा न्यायालयात कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करावे, म्हणजे आपल्याला नोटीस दिल्याशिवाय एकतर्फी आदेश होण्याला आळा बसेल. ते ९० दिवस टिकते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवून मुदत संपण्यापूर्वी नवे द्यावे. दरम्यान बेलीफाच्या अहवालात मेसेज कोणी, किती वाजता, कोणाच्या मोबाईलवर दाखवला याची नोंद आहे का, ते नाझरांकडे, म्हणजे बेलीफांचे काम पाहणाऱ्या न्यायालयीन अधिकाऱ्याकडे, जाऊन पाहावे, आणि नसेल तर तशी पुरवणी नोंद करण्याचा लेखी अर्ज पुढच्या तारखेआधी द्यावा.